दोन्ही शिंपल्या राखून ठेव

बाय, मे महिन्यात पोरांना घेऊन तारकर्लीला यायचं ठरवलंस, फार बरं केलंस. सामान भरायला घेशील त्याआधी हे वाच. खेळण्यांची पिशवी घरीच राहू दे. प्लास्टिकची बादली-फावडीही नकोत. ती दोन दिवसांत मोडतात आणि त्यांचे तुकडे पुढे आम्हाला वाळूतून वेचावे लागतात. थोरलीच्या दप्तरात सुती दोऱ्याचं एक रीळ, चौरस कापलेले कागद, एखादं जुनं मऊ झालेलं धोतर, एक चपटा ब्रश आणि मीटरभर लांबी-रुंदीचा एक कपडा टाक. बाकी जे लागेल ते किनाऱ्यावर, परसात आणि माझ्या स्वयंपाकघरात आहे.

मी सांगणार आहे ते खेळ जपानचे, पण साहित्य सगळं मालवणचं. लेक-जावई तोक्योच्या निशिकासाई भागात राहायचे, तिथे भारतीय कुटुंबं पुष्कळ, त्यात आपली मराठी माणसंही आहेत. नातवंडांसाठी मी तिकडे जाऊन राहिले. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळलेली, त्यामुळे तिकडेही माझे डोळे बालवाडीच्या अंगणाकडेच. तिथली पोरं चिखल, दोरा, कागद आणि धान्य भरलेल्या पिशव्या घेऊन तासन् तास रमतात आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाया त्यांच्यात बसून शिकवतात, हे पाहून माझं मन भरून आलं. प्रवासात पोर चिडतं ते खेळणं नाही म्हणून नव्हे. हाताला काम नसतं आणि मोठ्यांचं लक्ष फोनात असतं म्हणून. या दोन गोष्टी सांभाळल्यास तर तुझी सुट्टी सुखात जाईल.

सुरुवात गाडीतच कर. मुंबईहून कुडाळपर्यंतचा प्रवास लांबचा, त्यात कोकण रेल्वेवर बोगदे किती! रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा एकटाच बोगदा साडेसहा किलोमीटरचा. खिडकीत काळोख झाला की पोरं कंटाळतात. तेव्हा दोरा बाहेर काढायचा. धाकट्यासाठी दीड मीटर, थोरलीसाठी दोन मीटर, टोकं बारीक गाठीने जोडून वेढा करायचा. जपानी लोक या खेळाला अयातोरी म्हणतात. एकाने दोन्ही हातांच्या बोटांवर दोरा ताणून धरायचा, दुसऱ्याने मधली फुली चिमटीत पकडून खालून वर काढून घ्यायची, की नवी आकृती तयार. मग पहिल्याने ती काढायची. नायलॉनचा दोरा आणू नकोस, बोटांवरून सटकतो आणि पोरांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. सुती किंवा लोकरीचा धागा बोटाला धरून राहतो. हा खेळ दोघांचा आहे, त्यामुळे भावंडांना एकमेकांच्या हातांकडे पाहावंच लागतं.

कागदाचं काम धाकट्याला एकदम अवघड देऊ नकोस. सगळ्यांना आधी करकोचा करायचा असतो, पण त्याच्या घड्या पुष्कळ आणि बारीक. पाच वर्षांच्या बोटांना त्या झेपत नाहीत. त्याला पेला करायला शिकव. चौरस कागदाची तिरकी घडी घालून त्रिकोण करायचा, डावं टोक समोरच्या उजव्या कडेला नेऊन लावायचं, उजवं टोक डाव्या कडेला, आणि वर उरलेले दोन कान एक पुढे, एक मागे दुमडायचे. झाला पेला. त्यात गाडीत शेंगदाणे घेऊन खाता येतात, आणि आपण केलेली वस्तू उपयोगाला आली की पोराची छाती फुगते ती बघ. थोरलीला मात्र करकोचा दे आणि त्याबरोबर सादाको सासाकीची गोष्टही सांग. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडली आणि इस्पितळात औषधांच्या पुड्यांच्या कागदांचेसुद्धा करकोचे घडत राहिली. १९५५ साली, बाराव्या वर्षी ती गेली. १९५८ मध्ये हिरोशिमाच्या शांतता उद्यानात तिच्या आठवणीने मुलांचं स्मारक उभं राहिलं. नऊ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट कळते. तिच्यापासून लपवायचं कारण नाही.

कपडा कशाला, ते सांगते. जपानी बायका चौरस कापडाची पाहिजे तशी पिशवी करतात, तिला फुरोशिकी म्हणतात. उलटी बाजू वर ठेवून कापड त्रिकोणी दुमड, लांब बाजूच्या दोन्ही टोकांना एकेक गाठ मार, सगळं उलटं कर म्हणजे गाठी आत जातील, आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना बांध. समुद्रावर जाताना पंचे आणि कलिंगडाच्या फोडी, येताना ओले कपडे. धाकट्याची पिशवी धाकट्यानेच बांधायची आणि त्यानेच उचलायची.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या खेळाकडे येते. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, घरात आल्या की आपण काय करतो? आडाळ्यावर एकेक उघडतो, मांस एका शिंपलीत ठेवतो आणि दुसरी शिंपली माडाच्या मुळात फेकतो. तुम्ही येणार त्या दिवशी मी तसं करणार नाही, आणि इथे दुसरीकडे कुठे उतरलात तर तिथल्या स्वयंपाकवाल्या काकींना आधीच सांगून ठेव: दोन्ही शिंपल्या राखून ठेवा.

जपानात हेइआन काळापासून, म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधीपासून, शिंपल्या जुळवण्याचा एक खेळ चालत आला आहे. त्याचं नाव काइआवासे. त्यांची हामागुरी नावाची शिंपली आणि आपल्या खाड्यांतल्या काही तिसऱ्या मेरेट्रिक्स या एकाच वंशातल्या. या शिंपलीच्या दोन झाकणांच्या सांध्यावर बारीक दात असतात. एका झाकणाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात, आणि ते फक्त तिच्या मूळच्या जोडीदारातच बसतात. हजार शिंपल्यांचा ढीग असला तरी दुसरी कुठलीही नीट मिटत नाही. म्हणून तिकडे ३६० जोड्यांचा संच लाखकाम केलेल्या दोन पेट्यांत भरून मोठ्या घरच्या नवरीबरोबर सासरी पाठवत. आतल्या बाजूला सोनेरी वर्ख लावून ‘गेंजीची कथा’ या जुन्या जपानी कादंबरीतली चित्रं काढलेली असत, दोन्ही शिंपल्यांत सारखीच.

आपल्याला ३६० नकोत. पंधरा जोड्या पुष्कळ झाल्या. तिसऱ्या आडाळ्यावर न उघडता झाकण ठेवून वाफवायच्या, म्हणजे आपसूक तोंड उघडतात आणि झाकणं सांध्याला जोडलेलीच राहतात. मांस काढून घ्यायचं, त्याचं सुकं होतंच. शिंपल्या जुन्या दातघाशीने आतून-बाहेरून घासायच्या, चिमूटभर सोडा घातलेल्या पाण्यात उकळायच्या आणि खळ्यात दोन दिवस कडक उन्हात टाकायच्या. वास राहिला तर तिसरा दिवस. मगच सांधा हलकेच मोडून झाकणं वेगळी करायची, आणि वेगळी करताक्षणी दोन्हींच्या आत पेन्सिलीने एकच खूण करायची. हे काम मोठ्यांनी करायचं. पुढे त्या खुणेवर पोरांनी एकच चित्र दोन्हींकडे काढायचं: होडी, खेकडा, फणस, आजोबांचा चष्मा, काय सुचेल ते. चित्रं सुबक नसू देत. तू हात लावू नकोस.

खेळताना प्रत्येक जोडीतली एक शिंपली जमिनीवर पालथी, गोलात मांडायची. दुसऱ्या सगळ्या पिशवीत. एकाने पिशवीतून एक काढून पालथीच मध्ये ठेवायची, चित्र दाखवायचं नाही. बाहेरचे पट्टे, रंग, आकार निरखून गोलातली तिची जोडीदार ओळखायची. मग हातात घेऊन मिटवून बघायची. खोटी असेल तर डुगडुगते किंवा फट राहते. खरी असेल तर अशी बसते की नख घालायला जागा उरत नाही, आणि बारीकसा ‘कट्’ ऐकू येतो. मग उघडून आतलं चित्र पाहायचं. तो आवाज ऐकताना धाकट्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. कोणी शाबासकी द्यायची गरजच नसते. शिंपलीच सांगते बरोबर की चूक.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. या खेळाला स्वयंपाकघरातल्याच शिंपल्या घ्यायच्या. किनाऱ्यावर उचललेल्या शंखात कधी कधी खेकडा राहत असतो. तो उघडा पडला की पक्ष्याच्या चोचीत जातो. पोवळ्याचा तुकडा सापडला तरी तिथेच ठेवायचा. पोवळी आणि काही शंख कायद्याने संरक्षित आहेत, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाक, म्हणजे निघताना पिशवी उलटी करून रडारड नको. वाळूत कुठे कासवाच्या घरट्याभोवती कुंपण दिसलं तर त्याच्या आसपास खेळायचं नाही, रात्री तिकडे बॅटरीही मारायची नाही.

माशाचे ठसे काढायची कला जपानी कोळ्यांची. ग्योताकु तिचं नाव. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मासे पकडणाऱ्यांनी आपल्या माशाचं माप आणि रूप जपून ठेवायला माशालाच शाई लावून कागद दाबायला सुरुवात केली. फोटोचा जमाना नव्हता. मालवणच्या पोरांना ही कला जन्माची शोभते, पण इथे कोणी करत नाही याचं मला फार वाटतं.

पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे पोरांना घेऊन जा. दोन्ही बाजूंनी दोर ओढणाऱ्या माणसांच्या वाटेत मात्र उभं राहू द्यायचं नाही. रापण जवळ आली की दोर झटक्याने सरकतो. मासा घेताना खायचा विचार नंतर, आधी खवल्यांचा विचार. बांगडा गुळगुळीत, त्याचा ठसा सपाट उठतो. पापलेटाचं खवलं बोट लावताच सुटतं. पहिल्या दिवशी लेप घे, तो चपटाच असतो, कागद सरकत नाही. मग खाडीतला शेवटा किंवा लहानशी तांबोशी. तांबोशीचं खवलं मोठं, एकेक उठून दिसतं.

शाईसाठी माकूल. मासे साफ करणाऱ्या बाईला सांगायचं, पोटातली शाईची पिशवी फोडू नको, वाटीत काढून दे. त्यात पाण्याचे चार थेंब घातले की काळपट तपकिरी, खाण्यात चालणारी शाई होते, त्यामुळे ठसा काढून झाल्यावर मासा धुऊन तव्यावर जातो. पोस्टर रंग लावलास तर तो मासा फुकट गेला, आणि अन्न फुकट घालवणं मला चालत नाही. माकलाची शाई कपड्यावरून जात नाही, तेव्हा पोरांना जुने बनियन घालून बसव.

पुढचं काम सावकाश. माशावरचा बुळबुळीत थर मीठ चोळून धुऊन काढायचा आणि फडक्याने टिपून मासा अगदी कोरडा करायचा. ठसा बिघडतो तो इथेच. तोंडात, कल्ल्यांत कागदाचे बोळे भरायचे, नाहीतर पाणी झिरपतं. परातीत ओली वाळू घेऊन तिच्यात मासा अर्धा रुतवायचा, म्हणजे तो हलत नाही, आणि पर-शेपूट पसरून वाळूच्या आधारावर ठेवायची. ब्रशने शाई डोक्याकडून शेपटीकडे पातळ लावायची आणि मग उलट, शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे खवल्यांच्या कडांखाली पोचते. डोळा कोरा सोडायचा. जपानी कारागीर वाशी नावाचा चिवट पातळ कागद वापरतात. आपल्याकडे त्याला तोड म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. त्याचा तुकडा माशावर एकदाच, न सरकवता टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी पाठ, पोट, पर, शेपूट असं दाबत जायचं. घासायचं नाही. एका कडेने उचलायचा.

पहिला ठसा बहुतेक वेळा माखलेला येतो. पोर हिरमुसतं. त्याला सांग, नवी शाई न लावता लगेच दुसरं कापड टाक. दुसऱ्या, तिसऱ्या ठशात खवलं अन् खवलं दिसतं. वाळल्यावर डोळा ब्रशने भरायचा, त्यातला पांढरा ठिपका तेवढा सोडून. तो भरला की माशात जीव आल्याचं वाटतं. कडेला पोराच्या अक्षरात माशाचं नाव, तारीख, गाव आणि ज्याच्या रापणीतला मासा त्याचं नाव. ते नाव नक्की लिहायला लाव. आपल्या ताटातला मासा कोणीतरी ओढून आणला, हे पोरांना माहीत असावं.

दुपारी बारा ते चार समुद्राचं नावही काढू नकोस. मे महिन्यातलं ऊन आणि वाळूचा चटका पोरांना सोसत नाही. तेव्हा पडवीत चिखल खेळायचा. जपानी बालवाड्यांतली पोरं चिखलाचे गोळे घासून घासून चकाकवतात, दोरोदांगो म्हणतात त्यांना. क्योतोतले बालमानसशास्त्राचे प्राध्यापक फुमिओ कायो यांनी या खेळाचा अभ्यास केला आणि तो पुन्हा सगळीकडे पसरला.

तारकर्लीची पांढरी वाळू या कामाची नाही, तिला चिकटपणा नाही. जांभ्याची तांबडी माती हवी. परसात तिचा ढीग आहे. खडे वेचून ती कालव, मुठीत मावेल एवढा गोळा करून दाबून दाबून पाणी काढायचं आणि हातात फिरवत गोल करायचा. मग कोरडी माती त्याच्यावर भुरभुरवायची आणि अंगठ्याच्या फुगीर भागाने पुसत राहायचं. भुरभुरव, पूस, फिरव. वरचा थर कोरडा वाटला की गोळा पिशवीत बांधून अर्धा तास सावलीत ठेवायचा. आतला ओलावा बाहेर येतो, पिशवी आतून घामेजते. बाहेर काढून पुन्हा कोरडी माती. असं दोन-तीनदा झालं की पिठाच्या जुन्या चाळणीतून चाळलेली, अगदी पावडरीसारखी माती घ्यायची आणि बोटाने हळुवार चोळायची. शेवटी मऊ फडक्याने घासायचं. घाई केली, उन्हात ठेवला, तर तडकतो. तांबड्या मातीचा गोळा घोटलेल्या सुपारीसारखा चमकतो, आणि रंग कसला येतो म्हणून सांगू! त्यात तेल नाही, रंग नाही, नुसती माती आणि पोराचा हात. ज्या पोराचं कशात लक्ष लागत नाही म्हणून तक्रार असते, ते पोर यात दोन-दोन तास बसतं. तडकला तर तो तडकू दे, तू दुरुस्त करू नकोस. माती आहे अजून.

हातांना वेगळं काम हवं असेल तर कुळीथ भरून पिशव्या शिवायच्या. ओतेदामा म्हणजे तिकडचे सागरगोटेच, फक्त गजग्याच्या बियांऐवजी कापडी पिशव्या, आत अझुकी नावाची तांबडी कडधान्यं. लांबी रुंदीच्या दुप्पट असे चार तुकडे दोन रंगांचे घ्यायचे. सागरगोटे तुला आम्ही शिकवलेलेच आहेत. एक वर फेकून खालचे उचलायचे, तेच इथे. थोरलीला धावता टाका यायला लागेल हा वरचा लाभ.

संध्याकाळी उन्हं उतरली की किनाऱ्यावर कलिंगड. भाताच्या कापणीनंतर आमच्याकडे कुणग्यांत कलिंगडं लावतात, मे महिन्यात रस्त्याच्या कडेला ढीग असतात. सुइकावारी म्हणजे डोळे बांधून काठीने कलिंगड फोडायचं. जपानी पोरांचा उन्हाळ्यातला किनाऱ्यावरचा ठरलेला खेळ. केळीचं पान पसरून त्यावर कलिंगड, दहा-बारा पावलांवर खेळणारा, डोळ्यांवर पंचा, तीन गिरक्या. बाकीच्यांनी ‘डावीकडे, पुढे, थांब’ ओरडायचं. काठी खांद्याच्या वर नेऊ द्यायची नाही आणि ओरडणारे काठीच्या टप्प्याबाहेर, यावर जावईबापूंना उभं कर. फुटेल तसं खायचं, साली गोळा करून गोठ्यात.

थोरलीला एक अवघड खेळ दे. क्योतोला र्‍योआनजी मंदिरात पांढऱ्या खडीचं अंगण आहे, त्यात १५ दगड आहेत. ते असे मांडलेत की ओसरीवर कुठेही बसलं तरी एक तरी दगड दुसऱ्याआड लपतो; पंधराही एकदम दिसत नाहीत. सुकतीच्या ओल्या वाळूवर तिला हेच करायला सांग. लहान-मोठे पंधरा दगड गोळा करायचे, मांडायचे, चारी बाजूंनी उकिडवं बसून मोजायचे. मग माडाच्या हिरांच्या खराट्याने दगडांभोवती गोल रेघा आणि मोकळ्या जागेत सरळ रेघा ओढायच्या. भरती आली की सगळं जाईल हे तिला आधीच ठाऊक असू दे. फोटो काढायचा तर पूर्ण झाल्यावर, तिने काढ म्हटलं तर.

५ मे जपानात मुलांचा सण. घराघरावर कापडी मासे फडकतात, कोइनोबोरी. तुम्ही त्या सुमारास येताय तर जुन्या साडीचा हातभर मासा शिवू. तोंडाला हिराचं कडं, शेपूट मोकळी, बांबूला बांधून खळ्यात उभा करायचा. त्याचा खरा उपयोग वाऱ्यासाठी. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, तेव्हा माशाची शेपूट माडांकडे. पहाटे जमिनीकडून मतलई सुटतो, तेव्हा शेपूट समुद्राकडे. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडायच्या आणि खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या. धाकट्याला उठल्याबरोबर मासा कुठे तोंड करून आहे ते बघून यायचं काम दे. यंत्राच्या होड्या आल्या तरी वारा तोच आहे. गणपतीला पावसात आलात तर पांढऱ्या फडक्याची तेरुतेरू-बोझू बाहुली खिडकीत टांगू. पाऊस थांबावा म्हणून जपानी पोरं टांगतात. आमचा पाऊस ऐकेल असं नाही.

जेवणाचंही सांगते. तेत्सुको कुरोयानागीचं ‘तोत्तोचान’ तू वाचलेलं आहेस, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं. त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी पोरांच्या डब्यात समुद्रातलं काही आणि डोंगरातलं काही आहे ना, एवढंच बघायचे. मी पुष्कळ वर्षं वर्गात हा खेळ घेतला. कोकणात तो सोपा: सुकट आणि फणसाची भाजी, बांगडा आणि सोलकढी. पोरांना ताटावर बसल्यावर ओळखायला सांग, कोकम कुठलं, मीठ कुठलं. मासा नको म्हणणारं पोरही ‘समुद्रातलं एक’ म्हणून तिसरी तोंडात घालतं.

परतीच्या दिवशी गाडीला वेळ असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला थांबायचं. तिथले ठाकर लोक चित्रकथी सांगतात: रामायण-महाभारतातल्या कथांची सुटी चित्रं, त्यांच्या संचाला पोथी म्हणतात, एकेक समोर धरून गात गात कथा. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही त्यांच्याकडे. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्याचं तिथे छोटं संग्रहालय आहे. शक्यतो आधी विचारून जा आणि कलावंताला योग्य मोबदला दे. हे पाहिल्यावर पोरांना कामिशिबाई सांग. १९३० च्या दशकात तोक्योच्या गल्ल्यांतून सायकलवर लाकडी चौकट घेऊन माणसं फिरायची. पोरांना गोळ्या विकायची आणि चित्रं सरकवत गोष्ट सांगायची. टीव्ही आला आणि ते संपत आलं. पिंगुळीत मात्र आपली पोथी अजून उघडते. हे किती मोठं भाग्य आहे ते आपल्या लोकांना कळायला हवं.

गाडीत मग पोरांनी आपल्या तारकर्लीची गोष्ट करायची. आठ पुठ्ठे, प्रत्येकावर एक चित्र. युक्ती एवढीच: पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. पुढचा पुठ्ठा काढून मागे घातला की वाचणाऱ्यासमोर आपोआप पुढचा मजकूर येतो.

आता तारखांचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात चाकरमान्यांची झुंबड असते, तेव्हा त्या सकाळीच बस. तारीख धरताना पंचांग बघ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि तेव्हा इथे सुकती सकाळी आणि संध्याकाळी येते: ऊन नसताना रुंद, घट्ट वाळू मिळते आणि खाडीत तिसऱ्याही भरपूर निघतात. अष्टमीच्या भांगाला सुकती भर दुपारी पडते, पोरांच्या काही कामाची नाही. म्हणून पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचशील असं तिकीट काढ, आणि देवबागच्या संगमाकडे पोरांना पाण्यात उतरू द्यायचं नाही, तिथे खाडीची ओढ वेगळी असते. डबा कुठलाही मिळो, कुडाळला उतरलीस की फोन कर. तिसऱ्यांची वाळू निघायला त्या पाण्यात घालून ठेवाव्या लागतात, तेवढा वेळ मला दे.